मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातला ‘सर्दीचा पुडा’: पाच महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात महात्मा फुले मंडईच्या आसपास काष्ठौषधींची जी जुनी दुकाने अजून तग धरून आहेत, त्यांपैकी एका दुकानात ‘लहान मुलांच्या सर्दीचा पुडा’ या नावाने एक तयार संच मिळतो. २०२५च्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, तोच थोरल्या मुलीने हंगामातली पहिली सर्दी घरी आणली आणि सासूबाईंच्या सांगण्यावरून मी हा पुडा घेतला. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि धाकटा मुलगा सात महिन्यांचा. जून ते ऑक्टोबर असे पाच महिने या पुड्यातल्या वस्तू मी वापरल्या, काही वापरायच्या टाळल्या, आणि त्याचाच हा लेखाजोखा आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या उणिवेबद्दल मी लिहिणार आहे ती या एकाच दुकानाची नाही, थोड्याफार फरकाने हाच पुडा आणि हीच चिठ्ठी इतर ठिकाणीही पाहायला मिळते.

पुड्याची किंमत ४२० रुपये आहे. त्यात सुंठ, ज्येष्ठमधाच्या काड्या, वेखंडाच्या दोन कांड्या, ओवा, भीमसेनी कापराची छोटी डबी, अडुळशाची वाळलेली पाने, धुरीसाठी वावडिंग, बाळंतशोपा व धूप यांचे मिश्रण आणि पाव किलो मधाची बाटली एवढे सामान असते. मालाच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. सुंठ फोडल्यावर आतून पिवळसर, तंतुमय आणि झणझणीत निघाली; ज्येष्ठमधाची काडी चघळल्यावर गोडवा बराच वेळ जिभेवर राहिला; ओवा तळहातावर चोळताच त्याचा वास सरळ नाकात चढला. मात्र सगळे काही वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिले होते आणि पुड्यांवर नावे नव्हती. ज्याने आयुष्यात वेखंड पाहिलेले नाही त्याला वेखंड कोणते आणि सुंठ कोणती हे कळायला मार्ग नाही, आणि आजकालच्या आईबापांपैकी निम्मे तरी त्याच वर्गात मोडत असावेत.

पुड्यासोबत हाताने लिहिलेल्या चिठ्ठीची झेरॉक्स मिळते. “सुंठ व ज्येष्ठमध सहाणेवर उगाळून मधातून दोन वेळा. ओवा-कापराची पुरचुंडी हुंगवणे. वेखंड उगाळून टाळूस व छातीस, किंचित पोटात. अडुळशाचा काढा. ओवा घालून वाफ. संध्याकाळी धुरी.” चिठ्ठी एवढीच. ती तीनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की तिच्यात मुलाच्या वयाचा उल्लेखच नाही. ‘लहान मूल’ म्हणजे चाळीस दिवसांचे बाळ की चौथीतला मुलगा, हे चिठ्ठी सांगत नाही; आणि पुढच्या पाच महिन्यांत मला जे काही कळले ते बहुतेक या न लिहिलेल्या ओळीबद्दलच होते.

पुड्याकडून अपेक्षा किती ठेवायची हे आधी स्पष्ट केलेले बरे. सर्दी विषाणूंमुळे होते, असे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा आहे. शाळा-पाळणाघरात जाणाऱ्या धडधाकट मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे आजारपणाचे लक्षण नसून वाढीच्या वयाचा भाग मानले जाते. सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत ओसरते, खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. तेव्हा “पाचव्या दिवशी गुण आला” असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा तो गुण बऱ्याचदा पाचव्या दिवसाचाच असतो. या पुड्यातली कोणतीही वस्तू सर्दीचा मुक्काम कमी करते असे मला दिसले नाही. रात्रीची झोप, घशाची खवखव आणि मुलाची किरकिर यांवर मात्र काही वस्तूंचा उपयोग निश्चित झाला.

त्यांत पहिला मान मधाचा. जुलैतल्या सर्दीत मुलगी रात्री खोकून खोकून उठून बसत असे. झोपण्यापूर्वी पाऊण चमचा मध, त्यात सुंठेचे सहाणेवरचे दोन वळसे आणि ज्येष्ठमधाचे तीन, एवढे चाटण दिले की पहिले दोन-तीन तास तरी तिला आणि आम्हाला शांत झोप मिळे. सुंठ उगाळताना पाणी थेंबभरच घ्यावे. जास्त झाले की चाटण पातळ होते आणि ओघळ कोपरापर्यंत जातो. सुंठेचे वळसे दोनाचे चार केले त्या रात्री तिने जीभ बाहेर काढून “तिखट!” असा जो आरडाओरडा केला, त्यानंतर प्रमाण वाढवण्याच्या फंदात मी पडले नाही. मधाच्या बाबतीत आजीचे म्हणणे आणि वैद्यकीय चाचण्या एका दिशेला आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांवर झालेली आणि २००७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी, तसेच पुढे इस्राएलमध्ये ३०० मुलांवर झालेली चाचणी, या दोन्हींत झोपण्यापूर्वी दिलेल्या मधाने रात्रीचा खोकला आणि झोपमोड कमी झाल्याचे पालकांनी नोंदवले.

पण हाच मध माझ्या सात महिन्यांच्या मुलासाठी वर्ज्य होता आणि चिठ्ठीत त्याबद्दल चकार शब्द नव्हता. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, बोटभरही नाही, कारण मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करू शकतात. बाळाला बद्धकोष्ठता होते, ओढून दूध पिणे कमी होते, मान टाकल्यासारखी होते आणि पुढे श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात. मध गरम केल्याने हे बीजाणू मरत नाहीत, आणि मध शुद्ध, रानातला किंवा ओळखीच्या माणसाकडचा असल्याने धोका टळत नाही. असा आजार क्वचितच होतो, हे खरे. तरीही जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत ज्या घरांत आहे त्या घरांत हा विषय काढणे सोपे नसते, याचा अनुभव मी घेतला आहे. आमच्याकडे दोन दिवस अबोला होता, मग बाळाच्या डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितले तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, “बरं, मग वर्षाचा झाल्यावर देऊ.”

ओव्याची पुरचुंडी ही माझ्या मते या संचातली सर्वांत सुटसुटीत वस्तू आहे. जुन्या मलमलच्या तुकड्यात मूठभर ओवा बांधायचा, तव्यावर मंद आचेने कोमट करायचा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा आणि मग मुलीच्या उशाजवळ ठेवायचा. ओव्यातल्या थायमॉलचा वास खोलीभर पसरतो. नाक त्याने खरोखर उघडते की नुसते उघडल्यासारखे वाटते, हे मी सांगू शकत नाही. पण मुलगी स्वतःहून “माझी ओव्याची बाहुली दे” म्हणू लागली, आणि ज्या औषधासाठी मुलाच्या मागे धावावे लागत नाही त्याला मी दोन गुण जास्त देते. तान्ह्याच्या पाळण्यात मात्र पुरचुंडी ठेवू नये. ती तोंडात जाते, गाठ सुटली तर ओव्याचे दाणे घशात अडकू शकतात, आणि तव्यावरची ऊब मोठ्यांच्या हाताला सोसते तेवढी बाळाच्या त्वचेला सोसत नाही.

चिठ्ठीनुसार या पुरचुंडीत कापूर घालायचा असतो. मी तो घातला नाही आणि कोणी घालू नये असे मला वाटते. कापूर हा देवघरातला पदार्थ असल्याने तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात लहान मुलाने कापराची एखादी वडी गिळली तरी थोड्याच वेळात त्याला झटके येऊ शकतात. मुलांना होणाऱ्या अशा विषबाधांमुळेच अमेरिकेत १९८०च्या दशकात ११ टक्क्यांहून अधिक कापूर असलेल्या औषधांना मनाई झाली, आणि छातीला चोळायची कापूरयुक्त मलमेदेखील दोन वर्षांखालील मुलांना लावू नयेत अशी सूचना असते. पुड्यात येते ती कापराची डबी खडीसाखरेच्या डबीसारखी दिसते, झाकण नुसते दाबून बसवलेले असते, आणि संच ‘लहान मुलांच्या’ नावाने विकला जातो. दुकानाने आणखी काही बदलले नाही तरी ही डबी संचातून काढून टाकावी. आमच्याकडची डबी आता देवघराच्या वरच्या फळीवर असते, आरतीपुरती.

वेखंडाबद्दल लिहिताना मला थोडे जपून लिहावे लागते, कारण बाळगुटीच्या सहाणेवर वेखंडाचा वळसा घेतल्याशिवाय मराठी घरात मूल मोठे होत नाही अशी आपली समजूत आहे. आंघोळीनंतर टाळूला आणि छातीला वेखंडाची पूड लावणे हा आमच्याकडचाही रिवाज. थोरलीच्या वेळी मी तो पाळला आणि तो वास आजही मला तिच्या तान्हेपणाचा वास वाटतो. पण वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचे द्रव्य असते, आपल्याकडच्या वेखंडात त्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे दिसल्यावर १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यावर बंदी आणली. अंगाला लावायच्या पुडीचा प्रश्न निराळा. तरी ती बाळाच्या नाकातोंडाजवळ उडू नये एवढे पाहावेच लागते. ‘किंचित पोटात’ हे शब्द मात्र चिठ्ठीतून जायला हवेत. किंचित म्हणजे किती हे उगाळणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून, आणि सर्दीवर त्याचा उपयोग काय हे कोणी मला समजावून सांगू शकले नाही.

धुरीचे प्रकरण लवकर आटोपते. पहिल्याच संध्याकाळी निखाऱ्यावर चिमूट टाकली, घर लग्नघरासारखे घमघमले, आणि पाचव्या मिनिटाला धाकट्याला ठसका लागला. धूर वावडिंगाचा असो की उदबत्तीचा, सुजलेल्या श्वासनलिकेला तो धूरच असतो. उरलेले मिश्रण मी कुंडीत टाकले. अडुळशाच्या काढ्याची कहाणी याहून वेगळी नाही, फक्त कारण चवीचे आहे: मुलीने पहिला घोट माझ्याच कुर्त्यावर परत केला. अडुळसा निकामी आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. पण पानांत ते किती उतरले आहे हे घरी मोजता येत नाही, म्हणून मुलांसाठी मी तो वापरत नाही.

वाफेबद्दल माझे मत आता ठाम आहे. उकळत्या पाण्याचे पातेले, त्यावर वाकलेले मूल आणि डोक्यावरून टॉवेल, या दृश्यात काय काय घडू शकते ते वेगळे सांगायला नको. मुले वाफेपेक्षा सांडलेल्या पाण्यानेच भाजतात, आणि सर्दीत वाफेचा ठोस फायदा होतो असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. चोंदलेल्या नाकासाठी आमच्या घरात खरे काम केले ते पुड्याबाहेरच्या एका वस्तूने, औषधाच्या दुकानातल्या साध्या सलाईनच्या थेंबांनी. नैसर्गिकच हवे असेल तर मिठाच्या पाण्याहून नैसर्गिक काय असणार? धाकट्याला दूध पाजण्यापूर्वी दहा मिनिटे आधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब घालायचे, शेंबूड सैल झाला की हलकेच पुसून घ्यायचा. नाक मोकळे झाले की तो पुन्हा एका दमात पिऊ लागे. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा वर्षांखालील मुलांना घरी केलेले मिठाच्या पाण्याचे थेंब देऊन पाहिले, तेव्हा सर्दी सरासरी आठऐवजी सहा दिवसांत आटोपली, असे २०२४ साली त्यांनी जाहीर केले. मी मात्र तयार बाटलीच घेते, कारण मिठाचा अंदाज चुकला तर नाक झोंबते. तेलाचे किंवा तुपाचे थेंब तान्ह्याच्या नाकात घालू नयेत हेही याच ओघात सांगते. ते फुप्फुसात उतरले तर एक वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो.

पुड्यावर ‘प्रतिबंधक’ असाही एक शब्द छापला आहे. आठवड्यातून दोनदा काढा दिल्यास सर्दी होणार नाही, असे दुकानदार सांगतात. गवती चहा, सुंठ आणि गूळ घातलेला सौम्य काढा मुलीने आनंदाने घेतला, आणि पाच महिन्यांत तिला चार वेळा सर्दी झाली, त्यांतली एक काढ्याच्या ऐन बहरात. शाळेतून आल्यावर साबणाने हात धुण्याची सवय, बाळाला आईचे दूध, घरात विडी-सिगारेटचा धूर नसणे आणि सहा महिन्यांनंतर फ्लूची लस, ज्याची शिफारस बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दरवर्षी करते, या गोष्टींना पुड्यात जागा नाही हे मी समजू शकते. ‘प्रतिबंधक’ हा शब्द मग कशाच्या आधारावर छापला, हे समजत नाही.

ऑगस्टमध्ये धाकट्याला सर्दी झाली तेव्हा या सगळ्या सामानाची मर्यादा लख्ख दिसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दूध पिता पिता थांबू लागला. सासूबाईंनी त्याचे झबले वर केले आणि म्हणाल्या, “अगं, याचं पोट उडतंय बघ. उगाळत बसू नकोस.” मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ५६ भरले. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर ती घरगुती सर्दी राहिलेली नसते. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, पोटाकडे पाहून मोजावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मोजता न येणाऱ्या दायांसाठीसुद्धा मणी आणि वाळूचे घड्याळ वापरून श्वास मोजण्याचे साधन तयार केले होते, हे मला पुढे वाचनात आले. आम्ही त्याच रात्री दवाखान्यात गेलो, ब्राँकिओलायटिसचे, म्हणजे फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका सुजल्याचे, निदान झाले, दोन दिवस ऑक्सिजन लागला आणि पाचव्या दिवशी तो घरी आला. त्या संध्याकाळी सासूबाईंची नजर उपयोगी पडली, सहाण नाही.

मग घरगुती उपायांचा हा पुडा घ्यावाच कशाला, असे कोणी विचारील. ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्तर मिळाले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने २०हून अधिक बालके दगावली, आणि केंद्रीय आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देण्यासारखी नाहीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या सर्दीवरच्या दोन औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे सांगितलेच होते. आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात अनेकींनी घरातल्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि “मग आता द्यायचं काय?” असे विचारत त्या माझ्याकडे आल्या. वर्षावरच्या मुलाला मध, सुंठ, ओव्याची पुरचुंडी, कोमट पेज आणि सलाईनचे थेंब, हे त्या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर आहे, आणि त्यातले निम्मे या पुड्यात मिळते.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या दुकानात गेले. गल्ल्यावर तेच काका होते. चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवून मधाचे आणि वयाचे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला, सगळे ऐकून घेतले, कापराची डबी वेगळी ठेवली तरी चालेल असे मान्य केले, आणि झेरॉक्सच्या मूळ चिठ्ठीवर माझ्यादेखत बॉलपेनने लिहिले: “१ वर्षाखालील बाळास मध नको.” वेखंडाचे मात्र त्यांनी ऐकले नाही. “ताई, आमच्या चार पिढ्या वेखंडावर वाढल्यात,” ते म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे तिथे उभ्या उभ्या देण्यासारखे उत्तर नव्हते.

पूर्ण संच मी पुन्हा घेतला नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. सुटा माल मात्र इथेच घ्यावा. शंभर ग्रॅम ओवा, पन्नास ग्रॅम सुंठ आणि ज्येष्ठमधाच्या चार काड्या मिळून ९५ रुपये झाले, आणि या वेळी मी मागितल्यावर प्रत्येक पुडीवर नाव लिहून मिळाले. निघताना काकांनी वेखंडाची एक कांडी तशीच पिशवीत टाकली, पैसे न घेता. ती मी पुस्तकांच्या कपाटात ठेवली आहे. पावसाळ्यापासून तिथे कसर लागली होती.